माग बंद करून मुलाखत घेतली, नंतर आवाज वरून चिकटवला. हे चालतं का?

वडगावची_पोर

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कायतरी चुकलं तर सांभाळून घ्या. मी बेळगावात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पत्रकारिता विषय घेऊन. आम्हाला बारा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची होती, ती मी आमच्या वडगावातल्याच एका विणकर काकांवर केली. पलीकडच्या बोळात घर, दोन पॉवरलूम, मजुरीवर साड्या विणतात. शूटिंग झालं, एडिटिंग झालं, मार्कही बरे पडले. आता दुसरा भाग असा की आपल्याच फिल्मचं विश्लेषण लिहून द्यायचं, तंत्र काय वापरलं, प्रेक्षक कोण धरला, माणसं कशी दाखवली. शुक्रवारी द्यायचंय.

अडचण सांगते. काका मागावर असताना काय बोलतात ते मोबाइलवर ऐकूच येईना. पॉवरलूमच्या खोलीत कधी गेला असाल तर माहितीये, तिथं शेजारी उभ्या माणसाला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. म्हणून म्हटलं काका, पाच मिनिटं माग बंद करा. केला त्यांनी. आणि माग थांबल्याबरोबर काका बदललेच! सरळ बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि "आमचा हा व्यवसाय वडिलोपार्जित आहे" असं भाषणच चालू केलं. एरवी तुटलेला धागा जोडता जोडता, तोंडात सुताचं टोक धरून जो माणूस चार गोष्टी सांगतो तो गेलाच कुठंतरी. मग मी घरी येऊन त्या बोलण्याखाली मागाची खटखट बारीक करून चिकटवली आणि वर मागाचे शॉट टाकले, आता बघणाऱ्याला वाटतं काका माग चालवत चालवतच बोलतायत.

हे मी विश्लेषणात लिहू की गप्प बसू? आणि ही फसवणूक झाली का?

पिच्चरवेडा_कॅम्प

लिही की! गप्प कशाला बसतेस, मार्क तिथंच आहेत.

तुझ्या आधी शंभर वर्षांपूर्वी हेच झालंय. रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ सालचा, कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट शिकाऱ्यावरचा, डॉक्युमेंटरीच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या दहा पानांत येतोच. त्यात नानूकचं कुटुंब इग्लूत झोपून उठतं असं दाखवलंय. आता त्या वेळचा कॅमेरा आत मावायचा नाही आणि उजेड तर नाहीच, म्हणून इग्लू अर्धा कापून उघडा ठेवला आणि ही माणसं उघड्या थंडीत झोपेचं नाटक करत होती. ते एक. दुसरं म्हणजे तोवर तिथले लोक बंदूक वापरायला लागले होते, तरी फ्लाहर्टीने त्यांना भाल्याने शिकार करायला लावली, कारण त्याला 'जुनं, अस्सल' आयुष्य पाहिजे होतं. नानूक हे नावही खरं नव्हे, त्या माणसाचं नाव अल्लाकारियालाक.

माझ्या मते हे दोन गुन्हे सारखे नाहीत. इग्लू कापला तो कॅमेऱ्याच्या अडचणीमुळं, त्यानं त्या लोकांच्या जगण्याबद्दल काही खोटं सांगितलं जात नाही. भाला मात्र सरळ खोटं सांगतो, की ही माणसं अजून जुन्याच काळात आहेत. तुझी खटखट हा कापलेला इग्लू आहे, काका रोज त्याच आवाजात बोलतात हे खरंच आहे. तू कुठं भाला दिलायस का ते बघ.

वडगावची_पोर

😐 दिलाय.

सुरुवातीचा शॉट हातमागाचा आहे. काकांच्या घरात हातमाग नाहीच, खासबागेत एकांच्या घरी एक जुना दिसला, खिडकीतून तिरपा उजेड येत होता, लाकूड काळंभोर झालेलं, इतकं सुंदर दिसत होतं की घेतला. त्यावर नाव पडतं आणि मग थेट काका. म्हणजे बघणारा धरून चालतो की हा काकांचाच.

पिच्चरवेडा_कॅम्प

हा भाला. घरचा पत्ता बदलून दिलेला भाला 😂

एडिटिंगवाला_खडेबाजार

काय घाबरालीस गा एवढं. मी लग्नाचे व्हिडिओ करतो १४ वर्षं झाली. भटजींनी मंगळसूत्राचा मुहूर्त गाठला आणि नवऱ्याच्या मामानं मधे डोकं घातलं तर मी सरळ सांगतो, परत बांधा. परत बांधतात. सनई तर सगळ्या लग्नांना एकच हाय माझ्याकडं, पण कुणी आजवर म्हटलं नाही की ही आमची सनई नव्हे.

कामाचं सांगतो. आवाज वरून टाकायचाच असला तर त्याच खोलीतला टाक, यूट्यूबवरनं उतरवलेला टाकू नको. प्रत्येक खोलीचा आपला एक आवाज असतो, माणसं गप्प बसली तरी असतो, तो अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करून ठेवायचा, मग कट जोडताना भोकं पडत नाहीत. आणि काका बोलताना त्यांच्या तोंडावर मागाचा शॉट टाकलास ना, त्यानं त्यांचं बोलणं कुठं कापलं ते झाकलं जातंय. टीव्हीवाले दिवसभर हेच करतात. बघणाऱ्याला वाटतं हात दाखवतोय, खरं म्हणजे कात्री झाकतोय. ते पण लिही.

वडगावची_पोर

त्याच खोलीतलाच आहे दादा, माझ्याच फोनवरचा. पण कात्रीचं म्हणताय ते खरंय, काकांच्या बोलण्यात सात ठिकाणी कापलंय, एके ठिकाणी तर दोन वेगळ्या दिवसांची वाक्यं जोडलीत. सदरा वेगळा होता म्हणून वर हातांचा शॉट.

खानापूरचे_मास्तर

पोरी, आवाजापेक्षा मला त्या बटणात जास्त रस वाटला.

तुझ्या काकांचं वय साठीच्या पुढचं असेल असं धरतो. त्या पिढीने डॉक्युमेंटरी कुठं पाहिली? थेटरात, पिक्चर सुरू व्हायच्या आधी. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघाली आणि तिचे वार्तापट, माहितीपट दाखवणं प्रत्येक थेटराला सक्तीचं होतं. आम्ही पोरं तेवढ्या वेळात शेंगा घ्यायला जायचो, पण कानावर पडायचंच. न दिसणारा एक माणूस भारदस्त आवाजात सांगतोय, पडद्यावर धरण, पीक, चरखा, कारागीर, आणि कारागीर बिचारा एक शब्द बोलत नाही. तो नुसता हसतो नाहीतर काम करतो. बोलायचं ते त्या आवाजानं.

आता तू कॅमेरा लावलास आणि माग थांबवलास. काकांना वाटलं, आता तो आवाज पाहिजे. तो द्यायला दुसरं कोणी नाही म्हणून त्यांनी स्वतःच दिला. "वडिलोपार्जित" हा शब्द त्यांनी घरी कधी उच्चारला नसेल. तुला ते खोटं वाटलं, मला वाटतं त्यांना डॉक्युमेंटरी कशी असते हे तुझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होतं आणि आपण त्यात नीटनेटके दिसावं एवढीच इच्छा होती. तो भाग कापू नकोस. उलट बटण लावतानाचा क्षण असेल तर तो ठेव.

वडगावची_पोर

मास्तर, अंगावर काटा आला. बटण लावतानाचं आहे माझ्याकडं, मी 'खराब शॉट' म्हणून बाजूला टाकलं होतं. मी कायतरी बोलतेय ते पण त्यात ऐकू येतंय, "काका तयार?" म्हणून.

पिच्चरवेडा_कॅम्प

मग तर सोनं आहे. बिल निकोल्स म्हणून अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी डॉक्युमेंटरीच्या सहा पद्धती सांगितल्यात, सगळ्या कॉलेजांत तोंडपाठ करून घेतात. त्या सहाची यादी देऊन पान भरू नको, सर लोकांना कंटाळा येतो. तुझ्या कामाच्या तीनच. मास्तरांनी सांगितलेला वरून येणारा आवाज ही एक, समजावून सांगणारी. दुसरी नुसती बघत राहणारी, बनवणारा मधे येत नाही. ही शक्य झाली १९६० च्या आसपास, खांद्यावर घेता येणारे हलके कॅमेरे आणि सोबत आवाज धरणारी टेपरेकॉर्डर आली तेव्हा. म्हणजे तत्त्व नंतर आलं, आधी वजन कमी झालं 🙂 आणि तिसरी, जिच्यात बनवणारा स्वतः दिसतो, ऐकू येतो, प्रश्न विचारतो. तुझी फिल्म दुसरीचं सोंग घेऊन पहिलीचं काम करत होती, "काका तयार?" ठेवलंस की ती तिसरी होते.

जय_महाराष्ट्र_८६५

सगळं ठीक आहे पण बेळगाववर डॉक्युमेंटरी आणि सीमाप्रश्नाचा एक शब्द नाही? १९५६ पासून माणसं भोगतायत, महाजन आयोग झाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे आणि तुम्ही इथं मागाची खटखट ऐकत बसलाय. असल्या गुळमुळीत फिल्म काढून काय उपयोग.

वडगावची_पोर

दादा, रागावू नका पण तुमच्यासारखंच उलट्या बाजूचंही मी वर्गात ऐकलंय. एकजण म्हणाली नावाची पाटी कन्नडमध्ये का नाही. मी शेवटी गावाचं नावच टाकलं नाही. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं, घरात आपण बेळगाव म्हणतो, कुठलंही लिहिलं तरी फिल्म सुरू व्हायच्या आधीच निम्मे प्रेक्षक हाताची घडी घालून बसणार. म्हणून नुसतं "वडगाव" लिहिलं. भित्रेपणा म्हणा हवं तर. पण बाहेरचा कॅमेरा आपल्याकडं येतो तो १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, नाहीतर विधानसभेच्या अधिवेशनाच्या वेळी, मोर्चा, पोलीस, काळ्या फिती, फाडलेली पाटी. बाकीचे साडेतीनशे दिवस आम्ही इथं काय करतो ते कुणी दाखवतंय का? मागावर बसलेला माणूस दाखवणं हे पण सीमाभाग दाखवणंच आहे की.

जय_महाराष्ट्र_८६५

ते पण बरोबरच आहे म्हणा. पण मनात राहतं.

दोन्हीकडचा

मी कन्नड घरातला, मराठी शाळेतल्या दोस्तांमुळं शिकलो, शुद्धलेखन माफ करा. गणपतीत मंडपात ही फिल्म लावली होती ना? मी बघितलीये, मागं उभा होतो.

मला सीमाप्रश्न नको, मला सबटायटल खटकलं. काका एका ठिकाणी म्हणतात, "माग चालला की घर चालतंय, इल्ल अंद्र एनू इल्लरी." म्हणजे नाहीतर काहीच नाही हो. खाली तुम्ही लिहिलंय, "माग चालला तर घर चालते, अन्यथा काही नाही." सगळं एकदम पुस्तकी मराठी. त्यांनी अर्धं वाक्य कन्नडमध्ये टाकलं हे कुठंच दिसत नाही. आणि ते उगाच टाकलेलं नाही, नीट बघा, तेवढं बोलताना ते कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, मागच्या दाराकडं बघतात. तिकडं त्यांच्या बायको आहेत. तुमच्याशी बोलताना 'माग' म्हणतात, तिकडं वळून बोलताना 'मग्ग'. एकाच यंत्राला दोन नावं, एका श्वासात.

तुम्ही पाटीवर इतका विचार केला, आणि सबटायटलमध्ये त्या माणसाचं कन्नड पुसून टाकलं. मुद्दाम नाही केलं ते माहितीये.

वडगावची_पोर

बाप रे. मी दहा वेळा बघितलंय ते, दाराकडं बघतात हे लक्षातच आलं नव्हतं. काकूंचं माहेर रबकवीचं, तिकडंही मागच, काका त्यांच्याशी कन्नडच बोलतात. मला दोन्ही कळतं त्यामुळं कानाला फरकच लागला नाही.

एडिटिंगवाला_खडेबाजार

सोपं काम हाय. मराठी बोललेलं पांढरं, कन्नड बोललेलं पिवळं. एका ओळीत दोन रंग आले तर येऊ दे की. १० मिनिटांत करून देतो.

खानापूरचे_मास्तर

मंडपाचा विषय निघालाच आहे तर विचारतो, तिथं लोक कसे बघत होते? प्रेक्षक हा भाग तू अजून उघडलेलाच नाहीस.

वडगावची_पोर

मंडपात धमाल होती. काकांनी "वडिलोपार्जित" म्हटल्याबरोबर अख्खी गल्ली हसली, कारण सगळ्यांना माहितीये काका असं बोलत नाहीत. बोळातलं कुत्रं दिसलं तर शिट्ट्या. शेवटी मी काकांचे हात स्लो मोशनमध्ये घेऊन खाली बासरी टाकली होती, अगदी करुण, तर पुढं बसलेल्या एक आजी शेजारणीला मोठ्यानं विचारतात, "कोण गेलं गं?"

वर्गात तीच फिल्म लावली तर कुणी हसलं नाही. बासरीला तर एकदम शांतता, दोघीतिघींचे डोळे भरले, एकजण म्हणाला किती वाईट परिस्थिती आहे गं यांची. मला तेव्हा आनंद झाला होता. आता आजींचं आठवलं की लाज वाटते. काका काही मेलेले नाहीत, त्यांची परिस्थिती वाईट आहे असंही ते कुठं म्हणत नाहीत, ते म्हणतात सुताचा भाव वाढला आणि मजुरी तिथंच आहे. ते वाक्य बासरीखाली गेलं.

खानापूरचे_मास्तर

हे घे, तुझा निम्मा निबंध झाला. स्टुअर्ट हॉल या ब्रिटनमधल्या माध्यम-अभ्यासकांनी १९७३ साली मांडलं ते हेच. बनवणारा अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो जसाच्या तसा उचलेल असं नाही. कोणी उचलतो, कोणी थोडा घेऊन थोडा आपल्या अनुभवाने बदलतो, कोणी साफ उलटा वाचतो. वर्गाने तुझी बासरी जशी पाठवली तशी घेतली. गल्लीने काका घेतले आणि भाषणाला हसून सोडून दिलं. आणि आजींनी तर पार उलटवलीच.

एक मात्र लिही. वर्गाकडं परिस्थितीची माहिती नव्हती म्हणून त्यांना संगीतानं सांगितलं ते पटलं. आजींना माहिती होती म्हणून संगीत खोटं वाटलं. म्हणजे ती बासरी तू कोणासाठी टाकलीस? काकांच्या शेजारच्यांसाठी नक्कीच नाही.

पिच्चरवेडा_कॅम्प

मास्तर 👌 एक जोड देतो. ज्याँ रूश आणि एडगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये लोकांना "तुम्ही सुखी आहात का" विचारत एक फिल्म केली, ती १९६१ मध्ये आली. शेवटी त्यांनी काय केलं, फिल्ममधल्याच लोकांना थेटरात बसवून ती दाखवली आणि त्यांची भांडणं पण फिल्ममध्येच घातली. कुणी म्हणालं हे बनावट वाटतं, कुणी म्हणालं फारच उघडं पडलं. तुझ्याकडं मंडपाचं शूट आहे का कुणाच्या फोनमध्ये? आजींचा आवाज असेल तर शेवटी तोच घाल.

निपाणीची_लेक

आत्ताच सगळा धागा वाचला. मला एकच विचारायचंय, सगळे काका काका करतायत, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या कोण भरतंय?

वडगावची_पोर

काकू.

निपाणीची_लेक

किती वेळ दिसतात?

वडगावची_पोर

मोजून सांगते… ९ सेकंद. पाठमोऱ्या. बोलत नाहीत.

निपाणीची_लेक

बारा मिनिटांत नऊ सेकंद. म्हणजे काका दाराकडं बघून बोलतात ते दार तुम्ही दाखवलं, दारातली बाई नाही.

ओरडत नाहीये गं, माझ्या आईनं वखारीत तंबाखूचं काम केलंय म्हणून मला हे पटकन दिसतं. निपाणीच्या वखारीतल्या बायकांवर १९८२ मध्ये एक फिल्म झालीये, 'तंबाखू चाकीला ऊब आली', आपल्या जिल्ह्यातली, मराठी बोलणारी. दीपा धनराज आणि त्यांच्या साथीदारांचा युगांतर नावाचा गट होता, १९८० मध्ये काढलेला, त्यांनी केली. चार महिने त्या बायकांमध्ये राहिले, ऐकलं, आणि काय दाखवायचं ते बायकांसोबत बसून ठरवलं. वखारीच्या आत कॅमेरा नेला, तिथं तोवर कोण नेत होतं? त्यात वरून बोलणारा भारदस्त पुरुष नाही. बायका स्वतः सांगतात, मालक काय करतो, धूळ कशी जाते छातीत, संघटना कशी उभी राहिली. नावही कसं, तंबाखूची थप्पी लावून ठेवली की आतनं ती तापायला लागते, वरून काही दिसत नाही, ते बाहेरच्या माणसाला सुचलंच नसतं.

त्यात पण काही प्रसंग परत घडवून शूट केलेत. पण ते परत कसं घडवायचं हे ज्यांच्यावर घडलं त्यांनी ठरवलं. तुमचा तो इग्लू आणि भाला आहे ना, त्यात मी तिसरं घालीन, इग्लू कापायचं कुणी ठरवलं. तुम्ही "माग बंद करा" म्हटलं. काकूंना विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?

पिच्चरवेडा_कॅम्प

यावर माझ्याकडं बोलायला काही नाही. इतकी वर्षं पिक्चर बघतोय, ही फिल्म माझ्याकडून कशी सुटली.

वडगावची_पोर

दोन दिवस गायब होते कारण काकूंकडं गेले होते. सांगते काय झालं.

मी म्हटलं काकू तुमचं बोलणं घ्यायचंय, कसं घेऊ, कुठं बसू. काकू म्हणाल्या बसायला कुणाला वेळ आहे, उद्या साड्या द्यायच्यात. माग बंद करू का विचारलं तर एकदम माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या त्या दिवशी तू बंद केलास तेव्हा नंतर किती धागे तुटले माहितीये? मला माहितीच नव्हतं! मागे त्यांनी अर्धा तास जोडत काढला होता आणि मी आत काकांच्या डोळ्यावर लाईट बरोबर पडतोय का बघत होते.

मग माग चालूच ठेवला. त्या कांड्या भरत होत्या, चाक फिरतंय, बोटाला पट्टी गुंडाळलेली, आणि बोलत होत्या कन्नडमधून, मधूनच मराठी. नव्वद टक्के काही ऐकू येत नाही. एकच वाक्य स्वच्छ आलंय कारण तेवढ्यात वीज गेली. दोन्ही माग थांबले आणि काकू त्याच मोठ्या आवाजात ओरडून बोलत होत्या ते सगळ्या बोळाला ऐकू गेलं, "फोटो काढून नाव तुझं व्हणार, आमचं काय?" आणि मग स्वतःच हसायला लागल्या, मी पण.

खानापूरचे_मास्तर

हेच एका बाईने डॉक्युमेंटरी करणाऱ्या आनंद पटवर्धनांना मुंबईच्या झोपडपट्टीत तोंडावर विचारलं होतं, 'हमारा शहर' नावाच्या १९८५ च्या फिल्ममध्ये. त्यांनी ते कापलं नाही. तूही कापू नकोस.

दोन्हीकडचा

ऐकू येत नाही त्या भागाला सबटायटल देणार का? मला अर्थ लावून द्यायला जमेल, ओठ बघून थोडं कळतं.

वडगावची_पोर

आधी काकूंना दाखवते, त्या म्हणतील ते लिहू. नाही म्हणाल्या तर नुसती खटखट ठेवणार. बासरी काढली. हातमागाचा शॉट ठेवला पण खाली लिहिलं "खासबाग, दुसऱ्याचं घर". एडिटिंगवाले दादा, पिवळ्या-पांढऱ्याचं उद्या होईल का? परवा शुक्रवार आहे.

एडिटिंगवाला_खडेबाजार

संध्याकाळी सातनंतर ये, सहाला एक बारसं हाय. पेनड्राइव्ह रिकामा आण, मागच्या वेळी एक पोरगा गाण्यांनी भरलेला घेऊन आला होता. आणि काकूंचं ते वीज गेल्यावरचं आधी मला ऐकव, आवाज फाटला असंल तर आत्ताच बघाय पाहिजे.